कोलंबियेचे पाणी : दोन राष्ट्रे, एक प्रांत आणि एक खोरे

अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवर, पॅसिफिक महासागराच्या काठी, ब्लेन नावाचे एक गाव आहे. तेथे नेमक्या सीमारेषेवर १९२१ साली उभारलेली एक शुभ्र कमान आहे. दोन शेजाऱ्यांमधील शांततेची खूण म्हणून ती ओळखली जाते. १६ सप्टेंबर १९६४ रोजी या कमानीपाशी अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन आणि कॅनडाचे पंतप्रधान लेस्टर पिअर्सन एकत्र आले. निमित्त होते कोलंबिया नदी करार अमलात येण्याचे. परंतु त्या समारंभात या दोघांच्या बरोबरीने तिसरी एक व्यक्ती उभी होती. ती म्हणजे ब्रिटिश कोलंबिया या कॅनेडियन प्रांताचे प्रीमियर, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री, डब्ल्यू. ए. सी. बेनेट. अमेरिकेकडून त्या दिवशी आलेली सुमारे २५ कोटी ४० लाख अमेरिकन डॉलरची रक्कम अखेर ज्या तिजोरीत जायची होती, ती ओटावाची नव्हती; ती बेनेट यांच्या प्रांताची होती.

आंतरराष्ट्रीय करार हा दोन सार्वभौम राष्ट्रांमधील व्यवहार, असे आपण शाळेत शिकलो. मग तेथे एका प्रांताच्या मुख्यमंत्र्याचे काय काम? खरे पाहता, हा करार साडेतीन वर्षे रखडला होता तो याच गृहस्थांमुळे, आणि अखेर मार्गी लागला तोही त्यांच्या अटी बऱ्याच अंशी मान्य झाल्यावर. शेजारी संघराज्यांचे आर्थिक संबंध राजधान्यांमध्ये ठरतात, असे वरवर दिसते. प्रत्यक्षात त्यांना आकार देणारे हात पुष्कळदा प्रांतांचे आणि घटकराज्यांचे असतात. कोलंबिया नदीची कथा हे फार स्पष्टपणे दाखवते. पण त्याच कथेत आणखी एक प्रश्न दडलेला आहे, आणि ख्रिस्ती वाचकांना तो अधिक जवळचा वाटेल. केंद्राने प्रांताचे ऐकावे, हे खरेच. पण प्रांताने कोणाचे ऐकावे?

सीमा न जाणणारी नदी

कोलंबिया नदी ब्रिटिश कोलंबियाच्या रॉकी पर्वतराजीत, कोलंबिया लेक या सरोवरात उगम पावते. प्रथम ती वायव्येकडे जाते, मग मोठे वळण घेऊन दक्षिणेकडे वळते, अ‍ॅरो लेक्स या लांबट सरोवरांमधून वाहते आणि ४९व्या अक्षांशावर अमेरिकेत प्रवेश करते. वॉशिंग्टन व ओरेगन या राज्यांच्या सीमेवरून पुढे जात ती पॅसिफिकला मिळते. तिची लांबी सुमारे २,००० किलोमीटर. तिच्या खोऱ्याचा जेमतेम १५ टक्के भाग कॅनडात आहे. पण नदीला मिळणाऱ्या पाण्यापैकी एक तृतीयांशाहून अधिक पाणी तेथूनच येते, कारण तेथे बर्फ अफाट पडतो. हा बर्फ मे-जून महिन्यांत वितळू लागला की खाली अमेरिकेत पूर येतात, आणि हिवाळ्यात जेव्हा विजेची सर्वांत अधिक गरज असते तेव्हा नदी रोडावलेली असते. तात्पर्य, पाणी वर अडवावे आणि हवे तेव्हा सोडावे, यात खालच्या देशाचा लाभ आहे. मात्र त्यासाठी जमीन बुडणार ती वरच्या देशाची.

अमेरिकेने आपल्या हद्दीत धरणे बांधली होतीच. ग्रँड कुली हे प्रचंड धरण १९३३ ते १९४२ या काळात उभे राहिले. त्याच्या जलाशयात केटल फॉल्स हा धबधबा बुडाला. येथे शतकानुशतके मूळ रहिवासी समाज सामन मासे धरण्यासाठी एकत्र येत. याच धबधब्याजवळ १८४० च्या दशकात येशूसंघीय धर्मगुरूंनी संत पौलाच्या नावाने मिशन उभारले होते. धबधबा बुडण्यापूर्वी, जून १९४० मध्ये, अनेक जमातींचे लोक तेथे जमले आणि त्यांनी त्याचा निरोप घेतला. 'अश्रूंचा विधी' या नावाने तो प्रसंग आजही स्मरणात आहे. धरणात माशांना वर जाण्यासाठी वाट ठेवलेली नव्हती. त्यामुळे समुद्रातून उगमाकडे परतणारे सामन कॅनडाच्या वरच्या खोऱ्यात पोहोचेनासे झाले.

मग आला १९४८ चा महापूर. ओरेगन राज्यात पोर्टलंडजवळ व्हॅनपोर्ट नावाची वसाहत होती. दुसऱ्या महायुद्धात जहाजबांधणीच्या कामगारांसाठी उद्योगपती हेन्री कायझर यांनी ती १९४२ मध्ये उभारली होती. ३० मे १९४८ रोजी बांध फुटला आणि ती वस्ती एका दुपारी वाहून गेली. किमान १५ जणांचा बळी गेला, आणि सुमारे १८,००० लोक, ज्यांत कृष्णवर्णीय कुटुंबे मोठ्या संख्येने होती, बेघर झाले. वरच्या बाजूला पाणी अडवल्यावाचून गत्यंतर नाही, ही जाणीव अमेरिकेत या पुराने पक्की केली. दोन्ही देशांचा संयुक्त सीमा आयोग १९०९ च्या करारान्वये अस्तित्वात होता आणि १९४४ पासून तो कोलंबियेचा अभ्यास करीतच होता. आता त्या कामाला निकड आली.

दोन राज्यघटना, दोन रीती

या ठिकाणी दोन्ही देशांच्या घटनांमधील एक फरक ध्यानी घ्यावा लागतो, कारण पुढचे सारे नाट्य त्यातूनच घडले. अमेरिकेत करार करण्याचा अधिकार केंद्राचा. सिनेटने दोन तृतीयांश मतांनी संमती दिली की करार सर्वोच्च कायद्याच्या पंक्तीत बसतो आणि घटकराज्यांना तो बंधनकारक होतो. कॅनडात तसे नाही. १८६७ च्या घटनाकायद्याने तेथील सरकारी जमिनी, खाणी व नैसर्गिक साधनसंपत्ती प्रांतांच्या मालकीची ठरवली. शिवाय १९३७ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने कामगारविषयक एका खटल्यात असा निर्णय दिला की, केंद्र सरकार परदेशांशी करार करू शकेल, पण कराराचा विषय प्रांताच्या अखत्यारीतला असेल तर त्याची अंमलबजावणी प्रांतानेच कायदा करून केली पाहिजे. म्हणजे स्वाक्षरी ओटावाची, पण पाण्याची किल्ली प्रांताच्या कमरेला!

आपल्याकडेही पाणी हा विषय राज्यसूचीत आहे, आणि त्याचे वजन कधी कधी परराष्ट्र व्यवहारातही जाणवते. सप्टेंबर २०११ मध्ये पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांनी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्याबरोबर ढाक्याला जाण्यास नकार दिला आणि तिस्तेच्या पाण्याचा तयार होत आलेला करार तेथेच थांबला, हे वाचकांना आठवत असेल. फरक एवढाच की भारतात राज्याच्या विरोधाला राजकीय बळ होते; कॅनडात प्रांताच्या हातात घटनेनेच दिलेले शस्त्र होते.

केलोनाचा हार्डवेअर-व्यापारी

विल्यम अँड्र्यू सेसिल बेनेट हे केलोना या गावात हार्डवेअरचे दुकान चालवणारे व्यापारी. १९५२ मध्ये ते प्रांताचे प्रीमियर झाले आणि १९७२ पर्यंत, सलग वीस वर्षे, त्या पदावर राहिले. जमाखर्चाची दृष्टी त्यांच्या अंगात मुरलेली होती. १९५९ मध्ये प्रांत कर्जमुक्त झाल्याचे जाहीर करून त्यांनी सरोवरातील तराफ्यावर कर्जरोख्यांची होळी केली. तराफा पेटवायला त्यांनी स्वतः जळता बाण सोडला होता. टीकाकारांच्या मते कर्ज संपले नव्हते, केवळ वेगळ्या खात्यावर गेले होते. पण लोकांच्या मनावर ठसला तो बाण.

कोलंबियेच्या प्रश्नात त्यांनी पहिली चाल १९५४ मध्ये केली. व्हॅनपोर्ट उभारणाऱ्या त्याच कायझर यांच्या अ‍ॅल्युमिनियम कंपनीशी त्यांच्या सरकारने परस्पर बोलणी केली. कंपनीने अ‍ॅरो लेक्सच्या मुखाशी धरण बांधायचे, पाणी साठवून अमेरिकेतील वीजगृहांसाठी सोडायचे आणि वाढीव विजेचा सुमारे पाचवा भाग प्रांताला द्यायचा, असा तो व्यवहार. ओटावाच्या दृष्टीने हा आवळा घेऊन कोहळा देण्याचा प्रकार होता. केंद्राने १९५५ मध्ये कायदा करून, आंतरराष्ट्रीय नद्यांवर कोणतेही बांधकाम करण्यासाठी केंद्राचा परवाना आवश्यक ठरवला, आणि तो व्यवहार बारगळला. केंद्राचा हा हस्तक्षेप प्रांताच्या हिताचाच ठरला, हे येथे मान्य केले पाहिजे; कारण पुढे आंतरराष्ट्रीय वाटाघाटीत वाढीव विजेचा पाचवा नव्हे, तर अर्धा हिस्सा कॅनडाच्या पदरात पडला.

बेनेट यांच्या मनात मात्र एकच नदी नव्हती, दोन होत्या. प्रांताच्या उत्तर भागातील पीस नदीवरही महाकाय धरण बांधून तेथील ओसाड मुलखात उद्योग न्यावेत, असा त्यांचा ध्यास होता. 'दोन नद्यांचे धोरण' म्हणून ते प्रसिद्ध आहे. १ ऑगस्ट १९६१ रोजी त्यांनी प्रांतातील मोठी खाजगी वीज कंपनी सरकारच्या ताब्यात घेतली. पुढच्याच वर्षी तिच्यातून बी. सी. हायड्रो हे सरकारी वीज मंडळ निर्माण झाले. पीस नदीची वीज प्रांताला पुरेल, मग कोलंबियेच्या वाट्याची वीज घरी आणून करायची काय? ती अमेरिकेलाच रोख रकमेला विकावी, त्या पैशांतून कोलंबियेवरची धरणे बांधावीत, आणि प्रांताची पत पीस नदीसाठी मोकळी ठेवावी. हा हिशेब दुकानदाराचा होता, पण चुकीचा म्हणता येत नव्हता.

रखडलेला करार

१७ जानेवारी १९६१ रोजी, अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या कारकिर्दीचे तीन दिवस उरले असताना, त्यांनी आणि कॅनडाचे पंतप्रधान जॉन डीफेनबेकर यांनी वॉशिंग्टन शहरात करारावर स्वाक्षऱ्या केल्या. कॅनडाने तीन धरणे बांधून १ कोटी ५५ लाख एकर-फूट पाणी साठवायचे, असे ठरले. हा साठा आपल्या कोयना धरणाच्या सहापटीहून मोठा. त्या बदल्यात अमेरिकेने पूरनियंत्रणाचे पैसे द्यायचे आणि या साठ्यामुळे तिच्या वीजगृहांत जी जादा वीज निर्माण होईल तिचा निम्मा भाग कॅनडाला द्यायचा. शिवाय अमेरिकेला मोंटाना राज्यात लिबी येथे धरण बांधण्याची मुभा मिळाली. त्याचा जलाशय कॅनडाच्या हद्दीत सुमारे ६८ किलोमीटर शिरणार होता. अमेरिकन सिनेटने दोन महिन्यांत जवळजवळ एकमताने संमती दिली.

कॅनडात मात्र घोडे अडले. वीज ही राष्ट्राची संपत्ती, ती स्वस्त दराने कॅनडातील उद्योगांसाठी परत आणली पाहिजे, दीर्घ मुदतीने परदेशी विकू नये, अशी डीफेनबेकर सरकारची भूमिका होती. बेनेट म्हणत, नदी प्रांताची आहे, धरणांचा खर्च प्रांत करणार आहे, तेव्हा विजेचे काय करायचे हेही प्रांतच ठरवील. तिसरा आवाज होता जनरल अँड्र्यू मॅकनॉटन यांचा. संयुक्त आयोगावर कॅनडाची बाजू सांभाळणारे हे वृद्ध सेनानी व अभियंता. त्यांच्या मते धरणांच्या जागाच चुकल्या होत्या. कूटने ही कोलंबियेची उपनदी कॅनडात उगम पावते, कोलंबिया लेकपासून दोन किलोमीटरहून कमी अंतरावरून पुढे जाते, अमेरिकेत शिरते आणि पुन्हा कॅनडात परतते. तिचे पाणी तेथेच कोलंबियेत वळवले, तर नियंत्रण कॅनडाच्या हाती राहील, असे त्यांचे म्हणणे होते. ते बेनेट यांच्या सरकारला मान्य नव्हते. १९६२ मध्ये मॅकनॉटन यांना आयोगावरून जावे लागले. त्यानंतरही त्यांनी विरोध सोडला नाही.

८ एप्रिल १९६३ च्या निवडणुकीनंतर सत्तापालट झाला आणि पिअर्सन पंतप्रधान झाले. नव्या सरकारने वस्तुस्थिती ओळखली. ८ जुलै १९६३ रोजी केंद्र आणि ब्रिटिश कोलंबिया यांच्यात स्वतंत्र करार झाला. त्यानुसार आंतरराष्ट्रीय कराराचे बहुतेक लाभ आणि त्यांबरोबर येणाऱ्या जबाबदाऱ्या प्रांताकडे सोपवण्यात आल्या. म्हणजे अमेरिकेशी करार पुरा करण्याआधी कॅनडाला स्वतःच्याच प्रांताशी करार करावा लागला! मग २२ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेबरोबर पुरवणी मसुदा ठरला, आणि कॅनडाच्या वाट्याची वीज तीस वर्षांसाठी विकण्याचे निश्चित झाले.

ही वीज घेतली कोणी? अमेरिकेच्या केंद्र सरकारने नव्हे. वायव्य अमेरिकेतील ४१ लहानमोठ्या वीजसंस्थांनी मिळून एक मंडळ स्थापले आणि कर्जरोखे काढून ती रक्कम उभी केली. यांत वॉशिंग्टन राज्यातील लोकनियुक्त वीज मंडळे प्रमुख होती. जिल्ह्यातील मतदारांनी निवडलेली, स्थानिक मालकीची ही मंडळे १९३० च्या कायद्याने अस्तित्वात आली होती. म्हणजे सीमेच्या त्या बाजूलाही व्यवहाराचा पाया स्थानिकच होता. राष्ट्रध्वज दोन होते. पण खरेदीदार आणि विक्रेता, दोघेही त्याच नदीकाठचे.

नकुस्प आणि रेनाटा

येथवरची कथा ही प्रांताच्या विजयाची कथा आहे. आता तिची दुसरी बाजू पाहू.

अ‍ॅरो लेक्सच्या काठी रेनाटा, बर्टन, नीडल्स, एजवूड, अ‍ॅरो पार्क अशी छोटी गावे होती. फळबागा, दुभती जनावरे, लाकूडतोड यांवर जगणारी ही माणसे. रेनाटाची फळे नावाजलेली होती. रस्ते कमी, दळणवळण पुष्कळ वर्षे वाफेच्या बोटींनी चाले. वीज विकून येणाऱ्या पैशांचा हिशेब व्हिक्टोरिया या प्रांतिक राजधानीत मांडला जात असताना या गावांच्या वाट्याला काय येणार होते? सरोवराची पातळी सुमारे १२ मीटरने वाढणार होती, आणि सुपीक जमीन तर काठालगतच होती.

१९६१ मध्ये पाणीपरवान्यासाठी रेव्हलस्टोक, नकुस्प व कॅसलगर येथे जाहीर सुनावण्या झाल्या. लोक आले, बोलले, विरोध नोंदवला. परंतु करारावर तोवर स्वाक्षऱ्या झाल्या होत्या आणि त्यात धरणाची जागा लिहिलेली होती. ज्या प्रश्नाचे उत्तर आधीच ठरले आहे तो विचारण्यासाठी बोलावल्यावर माणसाला काय वाटते, हे आपल्याकडील धरणग्रस्तांना वेगळे सांगायला नको. परवाने मिळाले. १९६७ मध्ये डंकन, १९६८ मध्ये अ‍ॅरो (ज्याला पुढे ह्यू कीनलीसाइड यांचे नाव देण्यात आले) आणि १९७३ मध्ये मायका अशी धरणे पुरी झाली. दोन हजारांहून अधिक माणसांना घरे सोडावी लागली. रेनाटा नकाशावरून पुसले गेले. एजवूड आणि बर्टन नव्या जागी वसवले गेले. मोबदला मिळाला, पण जमीन सरकारने घेतली, शेजार विस्कटला आणि ज्या घरांत जन्म गेला ती घरे पाणी येण्याआधी जाळली गेली. बी. सी. हायड्रोच्या पुनर्वसनकार्यात स्वतः काम केलेल्या जे. डब्ल्यू. विल्सन यांनी या अनुभवावर १९७३ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या नावाचा अर्थ 'वाटेत आलेली माणसे' असा आहे.

जलाशय सरोवरासारखा स्थिरही राहत नाही. अमेरिकेला हवे तेव्हा पाणी सोडायचे, म्हणून त्याची पातळी वर्षभरात कित्येक मीटर खालीवर होते. वसंतात पाणी उतरले की मैलोगणती गाळ उघडा पडतो आणि वाऱ्याबरोबर त्याची धूळ रेव्हलस्टोकच्या घरांत शिरते.

या खोऱ्यातले मूळ रहिवासी सिनिक्स्ट यांच्या बाबतीत तर सुनावणीचाही प्रश्न उरला नव्हता. कॅनडा सरकारने १९५६ मध्येच त्यांना 'नामशेष' ठरवले होते. त्यांचे बहुतेक वंशज सीमेपलीकडे वॉशिंग्टन राज्यात हयात होते. पण कागदावर ते नव्हते. पाच वर्षांनी करार झाला तेव्हा त्यांच्या पूर्वजांच्या भूमीविषयी त्यांना विचारण्याचे कोणाला कारण वाटले नाही. २०१० मध्ये त्यांच्यापैकी रिक डिसोटेल यांनी सीमा ओलांडून पूर्वजांच्या रानात शिकार केली, खटला ओढवून घेतला, आणि २३ एप्रिल २०२१ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा हक्क मान्य केला. 'नामशेष' ठरवलेल्या समाजाला आपण आहोत हे सिद्ध करण्यासाठी ६५ वर्षे लागली.

लहानांचे मोठ्यांनी हिरावू नये

पोप अकरावे पायस यांनी १९३१ च्या 'क्वाद्राजेसिमो आन्नो' या विश्वपत्रात एक तत्त्व मांडले आहे. जे काम लहान समूह स्वतःच्या बळावर करू शकतो, ते मोठ्या समूहाने हिरावून घेणे हा अन्याय आहे. मोठ्याचे काम लहानाला साहाय्य करण्याचे. पोप तेविसावे जॉन यांनी ११ एप्रिल १९६३ रोजी, म्हणजे कॅनडातील त्या निवडणुकीनंतर अवघ्या तीन दिवसांनी, 'पाचेम इन तेर्रिस' या विश्वपत्रात हेच तत्त्व राष्ट्राराष्ट्रांमधील व्यवहारांनाही लावले.

बेनेट यांची ओटावाशी झालेली झुंज या तत्त्वाच्या कसोटीवर बरीचशी समर्थनीय ठरते. तीन हजार किलोमीटरहून दूर असलेल्या राजधानीने प्रांताच्या नदीचे भवितव्य एकटीने ठरवू नये, हा त्यांचा आग्रह रास्त होता. परंतु हे तत्त्व प्रांताच्या राजधानीत येऊन थांबत नाही. नकुस्पच्या सभेत उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने व्हिक्टोरियाही एक ओटावाच होती. ज्या युक्तिवादाने प्रांताने केंद्राकडून हक्क मिळवला, तोच युक्तिवाद खोऱ्याने प्रांतापुढे केला तेव्हा प्रांताचे कान बंद झाले. आम्हांला या साऱ्या इतिहासाचे मर्म येथे दिसते. केंद्राविरुद्ध स्वायत्ततेचा झेंडा उभारणारे शासन आपल्या दुबळ्या भागाशी कसे वागते, यावर त्या स्वायत्ततेचे मोल ठरते.

पैशाच्या हिशेबातही बेनेट यांचे गणित पुरते जुळले नाही. महागाई वाढली, बांधकामाचा खर्च मिळालेल्या रकमेच्या पुढे गेला, आणि १९७० च्या दशकात ऊर्जेचे भाव भडकल्यावर तीस वर्षांसाठी विकलेली वीज फार स्वस्तात गेली अशी टीका झाली. मात्र विक्रीची मुदत १९९८ पासून टप्प्याटप्प्याने संपली आणि २००३ पासून विजेचा पूर्ण वाटा प्रांताला परत मिळू लागला, तेव्हा अर्धा हिस्सा राखून ठेवण्याचे मोल पुढच्या पिढीला कळले.

खोऱ्याचा आवाज

खोरे मात्र गप्प बसले नाही. १९९० च्या दशकाच्या आरंभी तेथील स्थानिक संस्था आणि क्टुनाक्सा या मूळ रहिवासी समाजाची परिषद एकत्र आली. आमच्या भूमीवर निर्माण झालेल्या संपत्तीतील वाटा आम्हांला परत मिळाला पाहिजे, ही मागणी त्यांनी प्रांतापुढे ठेवली. तीस वर्षांपूर्वी बेनेट यांनी ओटावाला हेच सांगितले होते! १९९५ मध्ये प्रांताने कायदा करून 'कोलंबिया बेसिन ट्रस्ट' स्थापला. त्याचे संचालक खोऱ्याचेच रहिवासी असतात, आणि त्याचे उत्पन्न शाळा, घरे, पाणवठे, वृद्धांची सोय अशा स्थानिक कामांना लागते. कीनलीसाइड धरणापाशी २००२ मध्ये सुरू झालेल्या वीजगृहात या ट्रस्टचा वाटा आहे. बुडालेले रेनाटा त्यामुळे वर येत नाही. पण चूक झाली होती याची ही कबुली आहे, आणि सरकारे अशी कबुली सहसा देत नाहीत.

ख्रिस्तसभेनेही येथे आपला शब्द टाकला. ८ जानेवारी २००१ रोजी कोलंबिया खोऱ्यातील कॅथलिक बिशपांनी एक संयुक्त मेषपालीय पत्र प्रसिद्ध केले. सिएटल, पोर्टलंड, स्पोकेन, बॉइसी, हेलेना आदी अमेरिकन धर्मप्रांतांबरोबर कॅनडातील नेल्सन हा धर्मप्रांतही त्यात सामील होता. स्पोकेनचे बिशप विल्यम स्कायल्स्टॅड यांनी या कामी पुढाकार घेतला होता. पत्र लिहिण्याआधी त्यांनी मच्छीमार, शेतकरी, वीज व्यावसायिक, मूळ रहिवासी, शास्त्रज्ञ अशा साऱ्यांचे म्हणणे ऐकून घेतले. निर्मितीची निगा आणि सर्वांचे हित हे पत्राचे दोन खांब. पाणी ही विकाऊ वस्तू होण्याआधी ती देवाने सर्वांच्या हाती दिलेली सामायिक ठेव आहे, अशी त्यामागची धारणा. दोन देशांच्या बिशपांनी राजकीय सीमेऐवजी पाणलोट हीच आपली हद्द मानून एकत्र बोलावे, ही गोष्ट आम्हांला विशेष वाटते. पोप फ्रान्सिस यांचे 'लाउदातो सी' हे विश्वपत्र त्यानंतर चौदा वर्षांनी, २०१५ मध्ये आले.

दरम्यान, प्रादेशिक सरकारांचे सीमापार संबंधही दाट होत गेले. १९८० च्या अमेरिकन कायद्याने वॉशिंग्टन, ओरेगन, आयडाहो आणि मोंटाना या चार राज्यांचे राज्यपाल आपापले दोन सदस्य नेमतील अशी वीज व मत्स्यजीवन यांविषयीची परिषद निर्माण केली. १९९१ मध्ये वायव्येकडील राज्ये व पश्चिमेकडील प्रांत यांनी मिळून एक आर्थिक प्रदेश-मंडळ स्थापले. आणि २०१८ मध्ये कोलंबिया कराराच्या नूतनीकरणाची बोलणी सुरू झाली तेव्हा ब्रिटिश कोलंबियाचे प्रतिनिधी कॅनडाच्या शिष्टमंडळात होते. २०१९ पासून क्टुनाक्सा, सिल्क्स ओकानागन व सेक्वेपेम्क या मूळ रहिवासी राष्ट्रांचे निरीक्षकही तेथे बसू लागले. १९६१ मध्ये ज्यांना कोणी विचारले नव्हते ते आता टेबलापाशी होते. सामन माशांना वरच्या खोऱ्यात परत आणण्याचा विषयही चर्चेत आला. ११ जुलै २०२४ रोजी दोन्ही देशांनी नव्या कराराचा तत्त्वतः मसुदा जाहीर केला.

पण मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या नव्या प्रशासनाने बोलणी थांबवली. त्याच सुमारास व्यापारी शुल्कांवरून दोन्ही राष्ट्रांत ठिणग्या उडाल्या आणि ब्रिटिश कोलंबियाच्या सरकारी दुकानांमधून अमेरिकन मद्य हटवण्यात आले. प्रांताच्या हातातले शस्त्र शेजाऱ्याला जोडण्यासाठी वापरता येते, तसे तोडण्यासाठीही, हे पुन्हा एकदा दिसले.

या कथेतील माणसे आपल्यापासून फार दूरची आहेत. त्यांचा बर्फ आपण पाहिलेला नाही, त्यांचा सामन आपल्या ताटात येत नाही. तरीही गावाच्या विहिरी, नदीचे पाणी, शहराची तहान आणि त्यासाठी कोणाला तरी सोडावी लागणारी जमीन, हे शब्द आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना परके नाहीत. धरणे बांधू नयेत, असे आम्ही म्हणणार नाही. व्हॅनपोर्टच्या पुरात गेलेले जीवही जीवच होते. परंतु करार दोघांत होतो, तेव्हा त्याची किंमत मोजणारा पुष्कळदा तिसरा असतो. त्याला सभेला बोलवायचे ते जागा ठरल्यावर की ठरण्याआधी, एवढा प्रश्न तरी प्रत्येक शासनाने स्वतःला विचारावा, मग ते दिल्लीचे असो, मुंबईचे असो की आपल्याच ग्रामपंचायतीचे.